अखेरची पावती

(जुन्या विद्युत-उपकरणांची विल्हेवाट या विषयावर अहमदपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



घराची श्रीमंती दिवाणखान्यात दिसते आणि घराचा इतिहास माळ्यावर सापडतो. अहमदपुरातील कोणत्याही मध्यमवर्गीय घराचा माळा दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवला, तर गेल्या चाळीस वर्षांतील मराठवाडा क्रमाक्रमाने हाती लागतो. तळाशी आकाशवाणीच्या बातम्या ऐकवणारा रेडिओ असतो. त्याच्या वर, १९८७-८८ मध्ये ज्याच्यासमोर रविवारी सकाळी सारी गल्ली ‘रामायण’ पाहायला बसत असे, तो जाड काचेचा दूरदर्शन संच असतो. कॅसेटचा टेपरेकॉर्डर, पाती वाकलेला टेबलफॅन, मुलाच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेला संगणक, दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसावे लागे त्या काळातला इन्व्हर्टर आणि इमर्जन्सी दिवा हे सारे एकावर एक रचलेले असते. चार्जरांचा गुंता आणि बटणांचे मोबाइल एखाद्या बिस्किटाच्या डब्यात पडून असतात. शेतातल्या आखाड्यावर गेले की जळालेली मोटार आणि गंजलेला स्टार्टर भिंतीला टेकून उभे असतात.

या वस्तू आल्या तेव्हा प्रत्येकीचे स्वागत झाले. कुंकू लागले, पेढे वाटले गेले, दुकानदाराची पावती कपाटात जपून ठेवली गेली. त्या घरातून जातात तेव्हा मात्र कोणीही काही विचारत नाही. हातगाडी दारात उभी राहते, ताणकाट्याला वस्तू लटकते, चार नोटा हातात पडतात आणि माळा मोकळा झाल्याचे समाधान वाटते. येतानाची पावती वर्षानुवर्षे जपणारे घर जातानाची पावती मागत नाही. आजच्या विषयाचे मर्म या न मागितलेल्या पावतीत आहे.

मोड देणारा समाज

जुन्या वस्तूंचा पुनर्वापर ही कल्पना परदेशातून आली, असा एक समज शिकलेल्या वर्गात रुजला आहे. तो खरा नाही. घागर फुटली, तपेली चेपली की ती मोडीत देण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तांबट किंवा कासार ती डोळ्यांदेखत तोलत असे आणि मोडीची किंमत नव्या भांड्याच्या दामातून वजा होत असे. तांबे भट्टीत जाई आणि पुन्हा घागर होऊन कोणाच्या तरी घरी पाणी भरू लागे. जुनी लुगडी देऊन बोहारणीकडून भांडे घेणे हा त्यातलाच प्रकार. सोनाराच्या पेढीसमोरची धूळ झाडून नेणारा झारेकरी तर या शास्त्राचा आचार्यच म्हटला पाहिजे. ज्या धुळीत इतरांना माती दिसते, त्या धुळीतून तो पाण्याच्या साहाय्याने सोन्याचे कण वेगळे करतो. आज जगातले तज्ज्ञ शहरी खाणकाम असे भारदस्त नाव देऊन जे सांगतात, ते झारेकरी आपल्या पेठांतून पूर्वीपासून करीत आला आहे.

मोडीच्या या व्यवहारात दोन गुण होते. पहिला असा, की वस्तू कोणाकडे गेली आणि तिचे काय झाले, हे देणाऱ्याला ठाऊक असे. दुसरा गुण वस्तूतच होता. घागर तांब्याची आणि केवळ तांब्याचीच होती; ती वितळवल्याने कोणाच्या जिवाला विशेष धोका नव्हता.

विजेच्या उपकरणाने हे दोन्ही गुण मोडून काढले. त्याच्या पोटात काय आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. आणि त्यात एक धातू नसतो; एखाद्या मोबाइलमध्ये कित्येक मूलद्रव्ये अशी एकजीव केलेली असतात, की ती वेगळी करायला रसायनशास्त्र लागते.

पोटात सोने आणि विषही

एके काळी मराठवाड्याप्रमाणेच निजामाच्या संस्थानात असलेल्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. तेथे खोल भूगर्भातून काढलेल्या एक टन दगडामागे जेमतेम काही ग्रॅम सोने हाती लागते. जुने मोबाइल संच एक टन गोळा केले तर त्यांतून दोनशे ग्रॅमहून अधिक सोने मिळू शकते. सर्किट बोर्डाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तांबे असते. शिवाय चांदी आणि पॅलेडियम. आणि बॅटरीत लिथियम, कोबाल्ट. यांतील लिथियम आणि कोबाल्ट यांच्यासाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. ज्या देशाला हे धातू बाहेरून आणावे लागतात, त्या देशाच्या लक्षावधी घरांत ते बिस्किटाच्या डब्यांत पडून असावेत, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, त्यामागे हेच कारण आहे. स्वदेशीचा विचार खरेदीच्या वेळी करण्याची आपल्याला सवय आहे. जुनी वस्तू देतानाही तो करावा लागेल, असा हा काळ आहे.

आता दुसरी बाजू. जुन्या दूरदर्शन संचाच्या जाड काचेत शिसे असते, आणि तेही किलोच्या हिशेबात. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. मात्रा मिलिग्रॅमची, पण दिवा फुटला की त्याची वाफ होऊन ती श्वासावाटे शरीरात जाते. जुन्या प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायने असतात. वायरीवरचे पीव्हीसी जाळले की डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्ये धुरात मिसळतात. जुन्या फ्रिजच्या नळ्यांतील वायू ओझोनच्या थराला छिद्र पाडणारा होता, म्हणून २०१० पासून भारताने तशा वायूंचे उत्पादन व वापर थांबवला; परंतु त्या काळातला फ्रिज आज कोणी छिन्नीने फोडला, तर उरलासुरला वायू आजच आकाशात जातो.

वस्तू घरात धड असेपर्यंत यातले काहीही बाधत नाही. विष बंद कुपीत असते. ती कुपी कोण फोडतो, कोठे फोडतो आणि कशी फोडतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

हातगाडीच्या पुढचा प्रवास

हातगाडीवाला वस्तू आपल्या आडतीवर नेतो. तेथे तिचे पहिले विच्छेदन होते. लोखंड वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, वायरींचा ढीग वेगळा. वायर सोलत बसण्यापेक्षा ती पेटवून देणे सोपे पडते. संध्याकाळी गावकुसाबाहेर उठणारा काळा, डोळे चुरचुरवणारा धूर पुष्कळदा त्याचाच असतो. सर्किट बोर्ड मात्र गावात राहत नाहीत. ते पोत्यांत भरून मोठ्या शहरांकडे, आणि तेथून उत्तरेतील मोठ्या बाजारांकडे जातात. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही या व्यवसायाची प्रसिद्ध ठिकाणे. पितळेच्या सुबक भांड्यांसाठी नावाजलेल्या मुरादाबादेत रामगंगेच्या काठावर ई-कचऱ्याची काळी राख इतकी साठली, की राष्ट्रीय हरित लवादाला तिची दखल घ्यावी लागली. बोर्ड भाजायचे, तांबे काढायचे, तीव्र आम्लात बुडवून सोने सोडवायचे आणि उरलेले आम्ल नाल्यात ओतायचे, अशी ही पद्धत. ते करणाऱ्यांच्या हातात मोजे नसतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या हातांचे वय शाळेत जाण्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ई-कचरा आणि बालकांचे आरोग्य या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे.

अज्ञानाने दिलेली जुनी वस्तू काय करू शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडलेले एक प्रयोगयंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. भंगाराच्या दुकानात यंत्र फोडले गेले. अनेक जण गंभीर आजारी पडले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. घरातला दूरदर्शन संच म्हणजे कोबाल्टचे यंत्र नव्हे, हे खरे. पण घटनेचा गाभा तोच आहे. यंत्रात काय आहे याची माहिती विद्वानांच्या घरी होती, आणि त्याची शिक्षा जो कधी त्या विभागाची पायरी चढला नव्हता त्याला झाली. जाणणाऱ्याने न सांगता दिले आणि न जाणणाऱ्याने फोडले.

मराठवाड्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, ते दृश्य या जिल्ह्यातील माणूस विसरू शकत नाही. ज्या भागात लिंबोटीच्या धरणातील साठ्याची चर्चा घराघरांत होते आणि बोअरला लागलेले पाणी देवाचा प्रसाद मानले जाते, त्या भागात एका इन्व्हर्टर-बॅटरीतले आम्ल आणि शिसे नालीत ओतून देणे हा पाण्याचा द्रोह आहे. शिसे जमिनीत नष्ट होत नाही. बालकाच्या रक्तात गेलेले शिसे त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम करते आणि ते नुकसान भरून निघत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२० मधील अहवालानुसार जगातील दर तीन बालकांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. जो तालुका आपल्या मुलांच्या बुद्धीच्या बळावर पुढे येऊ पाहतो, त्याने ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी.

कायदा आहे, गाडी येत नाही

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत २००५ मध्ये देशातील ई-कचरा सुमारे १ लाख ४६ हजार टन होता आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. २०१२ च्या मे महिन्यापासून ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम लागू झाले. २०१६ मध्ये ते अधिक कडक झाले. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत आणि त्यांत १०६ प्रकारच्या वस्तूंचा समावेश आहे. ज्या कंपनीने वस्तू बाजारात आणली, तिनेच तेवढ्या प्रमाणात जुन्या वस्तूंचे पुनर्चक्रण करवून घ्यायचे, हे या नियमांचे मुख्य सूत्र. त्याला विस्तारित उत्पादक दायित्व म्हणतात. २०२३-२४ साठी हे प्रमाण ६० टक्के ठरले. २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता वस्तूंतून सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड काढतो, त्याची प्रमाणपत्रे मिळवतो आणि कंपन्या ती विकत घेतात. या प्रमाणपत्रांसाठी शासनाने किमान दर ठरवला, तेव्हा २०२५ मध्ये काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. वस्तू विकताना देशभर पोहोचणाऱ्या कंपन्यांना ती परत घेण्याचा खर्च जड वाटतो, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

आकडे काय सांगतात? मंडळाच्याच नोंदीनुसार २०२१-२२ मध्ये देशात १६ लाख टनांहून अधिक ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी सुमारे ५ लाख २७ हजार टनांवर रीतसर प्रक्रिया झाली. म्हणजे तिसरा हिस्सा. जगाची स्थितीही अभिमान बाळगण्याजोगी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

उरलेला कचरा जातो कोठे, याचे उत्तर आपल्या माळ्यावर आणि त्या हातगाडीवर आहे. कायदा कंपनीला बांधतो, कारखान्याला बांधतो. परंतु राज्यातील पुनर्चक्रणाचे कारखाने प्रामुख्याने मोठ्या औद्योगिक पट्ट्यांत आहेत आणि वस्तू अहमदपूर, हाडोळती, किनगाव, शिरूर ताजबंद अशा शेकडो ठिकाणी एकेक करून पडलेली आहे. एका मोबाइलसाठी पुण्याहून कोणी गाडी पाठवणार नाही. गाडी यायची तर ढीग हवा. ढीग व्हायचा तर कोणी तरी गोळा केले पाहिजे. कारखान्याची उणीव पैशाने भरून निघेल. गोळा करण्याची उणीव समाजालाच भरून काढावी लागते.

शंभर रुपयांचा प्रश्न

येथे एक व्यावहारिक शंका उपस्थित होते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हातगाडीवाला रोख पैसे देतो. रीतसर गोळा करणारी संस्था पुष्कळदा काहीच देत नाही, किंवा कमी देते. मग गृहिणीने शंभर-दोनशे रुपयांवर पाणी का सोडावे?

याचे उत्तर हिशेबातच आहे. हातगाडीवाल्याला जास्त भाव देणे परवडते, कारण पुढच्या साखळीत कोणी धुराड्यावर खर्च करीत नाही, आम्ल शुद्ध करण्यावर करीत नाही, कामगाराच्या मोज्यांवर आणि मुखपट्टीवरही करीत नाही. तो वाचलेला खर्च म्हणजेच आपल्या हातात पडलेली वरची नोट. ती नोट कोणाच्या तरी फुप्फुसातून वजा झालेली असते. घरात कष्टाचा पैसा यावा, कोणाचा तळतळाट घेऊन आलेला पैसा येऊ नये, हे आपल्याकडच्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. तोच विवेक या नोटेला लावायचा आहे.

मात्र या विवेचनातून हातगाडीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय ठरेल. देशातील वस्तू आजवर कचराकुंडीऐवजी पुन्हा उपयोगात आल्या, त्याचे मोठे श्रेय त्याच्या पायपिटीला आहे. त्याला घरे ठाऊक आहेत, वजन ठाऊक आहे, भाव ठाऊक आहे. त्याच्याशिवाय कोणतीही योजना तालुक्याच्या गावी यशस्वी होणार नाही. त्याच्याशी एकच नवा करार करायचा आहे: वस्तू गोळा कर, पण उघडू नकोस आणि जाळू नकोस, अखंड वस्तू नोंदणीकृत साखळीत पोहोचव आणि त्याचे मोल घे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद घरोघरी जाऊन जुन्या उपकरणांसह अनेक नकोशा वस्तू गोळा करतात. ज्याचे पोट या कामावर आहे त्यालाच सन्मानाने कामात घेतले, की नियम पाळला जाण्याची शक्यता वाढते.

लोकांनी केलेले काम

समाजाने मनावर घेतले तर काय होते, याचा दाखला जपानने दिला. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे ५,००० पदके जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची करायची, असा संकल्प तेथे झाला. एप्रिल २०१७ पासून मार्च २०१९ पर्यंत दोन वर्षांत जपानी नागरिकांनी सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे जमा केली. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. तेथील बहुसंख्य नगरपालिका या कामात उतरल्या होत्या. नीरज चोप्राने ज्या स्पर्धेत भालाफेकीचे सुवर्णपदक भारतात आणले, त्या पदकात कोणा अज्ञात जपानी गृहिणीच्या जुन्या मोबाइलचा अंश आहे, ही कल्पना मन प्रसन्न करणारी आहे.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. पुण्याच्या पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशनने प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने ‘ई-यंत्रण’ नावाचे संकलन अभियान चालवले. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या केंद्रांवर नागरिक स्वतः वस्तू आणून देतात. चालू होण्याजोगे संगणक दुरुस्त करून गरजू शाळांना दिले जातात आणि उरलेली उपकरणे रीतसर पुनर्चक्रणासाठी जातात. राष्ट्रीय दिनाला ध्वजवंदनाबरोबर असे एक काम जोडणे, यात विशेष औचित्य आहे. या पद्धतीत मोठा खर्च नाही, अवघड तंत्र नाही. दिवस, जागा, वेळेवर येणारी चार माणसे आणि ठरलेली गाडी, एवढ्यावर ती चालते. वर्षातून दोनदा असे संकलन करणे तालुक्याच्या गावाला अवघड नाही. एक दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि दुसरे २६ जानेवारीला.

अहमदपुरात काय करता येईल

पहिले काम दुरुस्तीचे. पंख्याचा कंडेन्सर बदलला, मिक्सरचे कार्बन ब्रश बदलले की यंत्र आणखी पाच वर्षे चालते. शेतकरी तर हे जाणतोच. जळालेली मोटार तो रिवायंडिंगला नेतो आणि निघालेले तांबे तोलून हिशेबात धरायला लावतो. मोडीची जुनी रीत तेथे अद्याप जिवंत आहे. गावातील दुरुस्ती करणारा कारागीर हा पर्यावरणाचा पहिला रक्षक आहे. त्याच्याकडे वस्तू नेण्यात कमीपणा वाटू नये.

दुसरे काम बॅटरीचे. नवी इन्व्हर्टर-बॅटरी घेताना जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्यावी. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन नियमांनी २००१ पासूनच विक्रीच्या साखळीवर आणले आणि २०२२ च्या बॅटरी नियमांनी हे दायित्व उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकले. जुनीची किंमत नव्यातून वजा होते, म्हणजे हीसुद्धा मोडच. फक्त एवढे विचारावे, की ही बॅटरी पुढे नोंदणीकृत कारखान्याकडे जाणार आहे काय? दहा ग्राहकांनी हा प्रश्न विचारला की अकराव्यासाठी दुकानदार उत्तर तयार ठेवतो.

तिसरे काम शाळा आणि कार्यालयांचे. २००८ नंतरच्या काळात अनेक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. त्यांतील कित्येक संगणक आज कुलूपबंद खोलीत धूळ खात आहेत. डेडस्टॉक रजिस्टरमधून नाव कमी झाल्याशिवाय वस्तू हलत नाही आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी पाठवत नाही. मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी वर्षातून एकदा हे निर्लेखन रीतसर करावे आणि लिलावातील सर्वांत मोठ्या बोलीऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याची बोली स्वीकारण्याची अट त्यात घालावी. मायापुरीचा धडा शिक्षणसंस्थेनेच प्रथम गिरवला पाहिजे.

चौथे काम नगरपरिषदेचे आणि ग्रामपंचायतींचे. घनकचऱ्यात मिसळून आलेली उपकरणे वेगळी काढून नोंदणीकृत साखळीत पाठवणे, तसेच ज्यांचा उत्पादक सापडत नाही अशा वस्तूंची व्यवस्था लावणे, हे कर्तव्य २०२२ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकले आहे. घंटागाडीच्या आवारात एक कोरडी, कुलूपबंद खोली आणि एक नोंदवही एवढ्याने आरंभ होऊ शकतो. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांची यादी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते आणि राज्य मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय लातुरातच आहे. मागणी करणारे नागरिक हवेत.

पाचवे काम घराघरांतील दक्षतेचे. फुटलेली ट्यूब किंवा सीएफएल दिवा केरसुणीने झटकू नये. खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावे, मग जाड कागदाने काचा गोळा करून बंद डब्यात ठेवाव्यात. फुगलेली मोबाइल-बॅटरी टोचू नये, उन्हात टाकू नये. मोबाइल किंवा संगणक देण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे आणि बँकेची माहिती पुसावी. मुलांना स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्र उघडण्याची हौस असते, ती जरूर पुरवावी; पण जुना दूरदर्शन संच आणि बॅटरी त्यांच्या हाती देऊ नये.

आणि एक काम पुढच्या पिढीसाठी. आज शेताशेतांत सौरपंप उभे राहत आहेत, घरांच्या छतांवर सौरपट्ट्या चमकत आहेत. हे स्वागतार्हच आहे. पण पंचवीस-तीस वर्षांनी या पट्ट्याही जुन्या होतील. नियमांनी २०३४-३५ पर्यंत निघणाऱ्या अशा सौर कचऱ्याचा साठा उत्पादकांनी जपून ठेवण्याची तरतूद केली आहे. शेतकऱ्याने पट्टीवरचा क्रमांक आणि खरेदीची कागदपत्रे सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावीत. ज्या रानातून आज वीज पिकते, त्याच रानात उद्या फुटक्या पट्ट्यांचा उकिरडा होऊ नये.

विसर्जनाची रीत

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. कारखान्यातील लेथला, शेतातील मोटारीला, कार्यालयातील संगणकाला झेंडूचा हार चढतो. ज्याने आपले कष्ट हलके केले त्या यंत्राबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याची ही सुंदर प्रथा आहे. परंतु कृतज्ञता केवळ यंत्र चालू असेपर्यंत टिकणारी असेल, तर ती कृतज्ञता कसली? मूर्ती घरात आणताना जितका भाव असतो, तितकाच ती निरोप घेताना असतो. आपला समाज फेकणे आणि विसर्जन करणे यांतला भेद जाणतो. वीस वर्षे थंड पाणी देणाऱ्या फ्रिजला आणि दहा वर्षे अंधारात प्रकाश देणाऱ्या बॅटरीलाही त्याच समजुतीने निरोप देता आला पाहिजे.

येत्या दिवाळीत माळा झाडला जाईल, तेव्हा प्रत्येक घराने तीन ढीग करावेत: दुरुस्त होऊन चालतील अशा वस्तू, कोणाला तरी उपयोगी पडतील अशा वस्तू आणि आयुष्य संपलेल्या वस्तू. तिसरा ढीग अखंड, न फोडता, संकलनाच्या दिवसापर्यंत कोरड्या जागी ठेवावा. तो देताना पावती मागावी आणि त्या पावतीवर पुढे वस्तू कोणत्या कारखान्यात जाणार, त्याचे नाव असावे. ही पावती दुकानदाराच्या पावतीशेजारी कपाटात ठेवावी. पहिली पावती सांगेल की वस्तूचे पैसे चुकते झाले. दुसरी सांगेल की तिच्यापायी कोणाचे काही देणे राहिले नाही.